क्रँकशाफ्टचं टॉर्शनल व्हायब्रेशन अंदाजे कसं काढायचं: स्प्रेडशीटवर पहिला आकडा ते डँपर आणि मोजमापापर्यंत

क्रँकशाफ्ट हातात घेतला की वाटतं हा कसला पिळतोय, एवढं जाड लोखंड. पण प्रत्येक पॉवर स्ट्रोकला पिस्टन त्याला एक झटका देतो, मागे फ्लायव्हील जड असल्यामुळे जागचं हलायला तयार नसतं, आणि पुढचं टोक म्हणजे पुलीची बाजू त्यामानाने मोकळी असते, म्हणून शाफ्ट पिळला जातो आणि परत सुटतो, आणि हे फिरता फिरता सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. झटक्यांची फ्रिक्वेन्सी आणि शाफ्टची स्वतःची फ्रिक्वेन्सी जुळली की रेझोनन्स, मग टायमिंग चेन खडखडते, पुलीचा बोल्ट ढिला होतो, आणि अगदीच वाईट झालं तर क्रँकपिनच्या (कनेक्टिंग रॉड बसतो त्या भागाच्या) फिलेटपासून म्हणजे कोपऱ्यातल्या गोलाईपासून ४५ अंशात क्रॅक निघून शाफ्टच तुटतो. इंजिन बाहेरून अजिबात थरथरत नसलं तरी हे आत चालू असू शकतं, कारण हे व्हायब्रेशन इंजिन माउंटला जाणवतच नाही.

याचा अंदाज काढायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक स्प्रेडशीट पुरते. मात्र बहुतेक जण नॅचरल फ्रिक्वेन्सी काढतात आणि झालं काम म्हणून थांबतात. ती फ्रिक्वेन्सी म्हणजे अर्धंच काम असतं, खरी गंमत कोणती ऑर्डर (एका फेरीत किती झटके ते) कोणत्या आरपीएमला किती जोर लावते यात आहे, आणि डँपर (पिळाची थरथर जिरवणारी पुढच्या टोकाची रिंग) लावल्यावर ते सगळं चित्र कसं सरकतं यात आहे.

समजायला सोपं जावं म्हणून आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. चार सिलिंडर इनलाइन पेट्रोल इंजिन, बोअर ८६ मिमी, स्ट्रोक ८६ मिमी म्हणजे जवळपास २ लिटर, क्रँक रेडियस ४३ मिमी, कनेक्टिंग रॉड १४३ मिमी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रेडलाइन ६५०० आरपीएम. इंजिन काल्पनिक आहे पण मापं सगळी नेहमीच्या रेंजमधली आहेत.

पायरी १: शाफ्टचे तुकडे पाडा

खरा क्रँक वेडावाकडा असतो, आपण त्याचं रूपांतर एका सरळ शाफ्टवर बसवलेल्या चकत्यांमध्ये करतो. पुढून मागे मोजलं तर सहा चकत्या होतात: पुली, सिलिंडर १, २, ३, ४ आणि फ्लायव्हील. त्यांच्यामध्ये पाच स्प्रिंगा. एवढंच मॉडेल. बेल्टवरचे अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर वगैरे इथे सोडून द्या, बेल्ट इतका मऊ असतो की एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला तो क्रँकपासून तुटल्यासारखाच वागतो. गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टचंही तेच, त्यांचे मोड (थरथरण्याचे स्वतःचे प्रकार) खूप खालच्या फ्रिक्वेन्सीला असतात आणि तिथे अख्खा क्रँक एकच घट्ट वस्तू म्हणून धरता येतो, तो हिशेब वेगळा करायचा.

ड्युअल मास फ्लायव्हील (मधे स्प्रिंगा असलेलं दोन तुकड्यांचं) असेल तर मात्र लक्ष द्या. क्रँकच्या मोडसाठी फक्त प्रायमरी म्हणजे क्रँकच्या बाजूचा इनर्शिया (फिरण्यातला जडपणा) धरायचा, सेकंडरी बाजू आतल्या मऊ स्प्रिंगांच्या पलीकडे असते, तिला या फ्रिक्वेन्सीला काही पत्ताच लागत नाही.

पायरी २: इनर्शिया

एका सिलिंडरच्या चकतीत तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे क्रँकचा थ्रो (एका सिलिंडरपुरता वाकडा भाग) स्वतः, वेब (जर्नल आणि पिन जोडणारा हात) आणि काउंटरवेटसकट. हा आकडा कॅडमधून काढणं सगळ्यात बरं, आपल्या उदाहरणात ०.००४७५ किग्रॅ-मी² धरू. दुसरी म्हणजे रॉडच्या बिग एंडचं फिरणारं वजन, ०.४० किलो गुणिले रेडियसचा वर्ग, म्हणजे ०.०००७४. तिसरी गोष्ट पिस्टन, पिस्टन पिन, रिंगा आणि रॉडच्या स्मॉल एंडचं वर-खाली होणारं वजन, ०.५५ किलो. हे वजन टीडीसी आणि बीडीसीला (पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली असताना) शाफ्टला जाणवतच नाही आणि मधल्या भागात पूर्ण जाणवतं, म्हणजे इनर्शिया दर फेरीत बदलत राहतो, पण अंदाजासाठी सरासरी म्हणून निम्मं घेतात: ०.५५ × ०.०४३ × ०.०४३ × ०.५ = ०.०००५१. तिन्हींची बेरीज ०.००६० किग्रॅ-मी².

पुली आणि हब मिळून ०.००४ धरू, डँपरची बाहेरची रिंग अजून धरलेली नाही, ती नंतर. फ्लायव्हील आणि क्लच कव्हर मिळून ०.१४.

कॅड नसेल आणि पार्ट हातात असेल तर ट्रायफिलर पद्धत वापरा. तीन सारख्या लांबीच्या तारांवर तो पार्ट आडवा लटकवायचा, थोडासा पिळून सोडायचा आणि झोक्यांचा वेळ मोजायचा. इनर्शिया = वजन किलोत × ९.८१ × तारा ज्या वर्तुळावर बांधल्या त्याच्या रेडियसचा वर्ग × एका झोक्याच्या वेळेचा वर्ग, भागिले (४ × पायचा वर्ग × तारांची लांबी). पन्नासेक झोके मोजून सरासरी काढली तर दोनेक टक्क्यांच्या आत उत्तर येतं, आणि पुली-फ्लायव्हीलसाठी हे कॅटलॉगमधल्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचं.

पायरी ३: स्टिफनेस, सगळ्यात कच्चा दुवा

इथे जरा थांबून नीट बघा कारण अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. सरळ गोल शाफ्टचा टॉर्शनल स्टिफनेस काढणं सोपं आहे, पण क्रँकमध्ये टॉर्क मेन जर्नलमधून (मेन बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागातून) वेबमध्ये, तिथून क्रँकपिनमध्ये आणि परत वेबमधून पुढच्या जर्नलमध्ये असा वळसे घेत जातो, आणि वेब नुसतं पिळत नाही तर वाकतंही. म्हणून अनुभवावरून बसवलेले फॉर्म्युले वापरतात. त्यातले दोन खूप चालतात, कार्टरचा आणि केर विल्सनचा.

कार्टरचा असा. तीन तुकडे काढून बेरीज करायची, सगळं मिमीमध्ये:

पहिला तुकडा = (मेन जर्नलची लांबी + ०.८ × वेबची जाडी) भागिले मेन जर्नलच्या व्यासाचा चौथा घात
दुसरा तुकडा = ०.७५ × क्रँकपिनची लांबी भागिले क्रँकपिनच्या व्यासाचा चौथा घात
तिसरा तुकडा = १.५ × क्रँक रेडियस भागिले (वेबची जाडी × वेबच्या रुंदीचा घन)

मग स्टिफनेस = (पाय × शिअर मॉड्युलस / ३२) भागिले या तिघांची बेरीज. शिअर मॉड्युलस म्हणजे धातू पिळाला किती विरोध करतो ते. जर्नल किंवा पिन पोकळ असेल तर व्यासाच्या चौथ्या घातातून भोकाच्या व्यासाचा चौथा घात वजा करायचा.

आपली मापं: मेन जर्नल ५५ मिमी व्यास, २६ लांब. क्रँकपिन ४८ व्यास, २६ लांब. वेब २२ जाड, ८० रुंद. स्टीलचा शिअर मॉड्युलस ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. हे टाकलं की तीन तुकडे अनुक्रमे ४.७७, ३.६७ आणि ५.७३ येतात, प्रत्येकाला भागिले दहा लाख, आणि एका थ्रोचा स्टिफनेस येतो साधारण ५,५४,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. बघा, सगळ्यात मोठा तुकडा वेबचा आहे, जर्नलचा नाही. शाफ्ट कडक करायचा म्हणून नुसता जर्नल जाड करत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

केर विल्सनच्या फॉर्म्युल्यात जर्नल आणि पिन दोन्हीच्या लांबीत स्वतःच्या व्यासाचा ०.४ पट मिळवतात, आणि वेबच्या तुकड्यात १.५ × रेडियसच्या जागी रेडियस वजा (दोन्ही व्यासांच्या बेरजेचा ०.२ पट) घेतात. त्याने तोच थ्रो ४,९९,००० येतो. म्हणजे एकाच क्रँकसाठी दोन नावाजलेल्या फॉर्म्युल्यांत १० टक्क्यांचा फरक! फ्रिक्वेन्सी वर्गमुळात जाते म्हणून तिथे हा फरक ५ टक्क्यांवर येतो, पण तो आहे हे विसरू नका. दोन्ही काढा, मधला घ्या, आणि दोन टोकं बाजूला लिहून ठेवा. फायनाइट एलिमेंटमध्ये एक थ्रो मॉडेल करून एका टोकाला टॉर्क लावून पिळ मोजता आला तर उत्तमच, त्यापुढे फॉर्म्युल्यांची गरज नाही. आपण ५,२०,००० धरू.

कास्ट आयर्नचा क्रँक असेल तर शिअर मॉड्युलस ६५,००० च्या आसपास घ्या, स्टीलचा तसाच ठेवलात तर फ्रिक्वेन्सी साधारण अकरा टक्के जास्त दिसेल.

पुढचं टोक म्हणजे पुली ते सिलिंडर १: ३५ मिमी व्यासाचा ६० मिमी लांब नोज (पुली बसते ते टोक), त्याला सिरीजमध्ये अर्धा थ्रो, मिळून साधारण १,६५,०००. मागचं टोक म्हणजे सिलिंडर ४ ते फ्लायव्हील: अर्धा थ्रो आणि जाड फ्लँज, ८,००,००० धरू.

पायरी ४: होल्झरची टेबल

हाइनरिश होल्झर याने १९२१ मध्ये ही पद्धत पुस्तकात मांडली, आणि शंभर वर्षं होऊन गेली तरी स्प्रेडशीटसाठी याच्याइतकी सुटसुटीत दुसरी सापडत नाही. कल्पना अशी की एक फ्रिक्वेन्सी मनाने धरायची, पुढची पुली १ रेडियन हलते असं मानायचं, आणि मागे मागे जात प्रत्येक चकतीचा टॉर्क जमा करत जायचं. शेवटी फ्लायव्हीलच्या पलीकडे काहीच नाही, म्हणजे तिथे टॉर्क शून्य उरला पाहिजे. शून्य आला तर धरलेली फ्रिक्वेन्सी बरोबर.

प्रत्येक ओळीत हे करा: चकतीचा इनर्शिया × ओमेगाचा (२ × पाय × फ्रिक्वेन्सी) वर्ग × तिचं अँप्लिट्यूड (हालचाल), हा त्या चकतीचा टॉर्क. तो आधीच्या जमा टॉर्कमध्ये मिळवा. जमा टॉर्क भागिले पुढच्या स्प्रिंगचा स्टिफनेस म्हणजे तेवढा पिळ. तो पिळ आत्ताच्या अँप्लिट्यूडमधून वजा केला की पुढच्या चकतीचं अँप्लिट्यूड. परत तेच.

आपल्या मॉडेलमध्ये ४५० हर्ट्झ धरलं तर शेवटी सुमारे २,०४,००० न्यूटन-मीटर उरतात, ४८० ला १,०५,०००, आणि ५१० ला उणे २१,०००. चिन्ह बदललं म्हणजे मधे कुठेतरी मुळ आहे. ५०५ ला जेमतेम २,००० उरतात, म्हणजे फ्रिक्वेन्सी ५०५ हर्ट्झच्या जवळपास. स्प्रेडशीटमधलं गोल सीक दाबलं की हे एका क्लिकमध्ये होतं, पण आधी दोन-तीन वेळा हाताने करा, कुठल्या स्प्रिंगने काय फरक पडतो ते त्यातूनच कळतं.

आता त्याच टेबलमधून मोड शेप (कोणती चकती किती हलते ते) घ्या, हा पुढे सगळीकडे लागणार आहे:

पुली १.००
सिलिंडर १: ०.७५६
सिलिंडर २: ०.५९१
सिलिंडर ३: ०.३५७
सिलिंडर ४: ०.०८१
फ्लायव्हील: उणे ०.१०४

नोड म्हणजे जिथे हालचाल शून्य, तो सिलिंडर ४ आणि फ्लायव्हीलच्या मधे आहे. ओला टॉवेल एका टोकाला घट्ट धरून पिळावा तसं हे आहे, हालचाल सगळी पुढे आणि पिळाचा ताण सगळा मागे. म्हणून पुढे आवाज येतो आणि शाफ्ट तुटतो तो मात्र बऱ्याचदा मागच्या थ्रोला.

एक चेक जरूर करा. प्रत्येक स्प्रिंगचा स्टिफनेस × तिच्यातल्या पिळाचा वर्ग, यांची बेरीज १,१९,३०० येते. प्रत्येक इनर्शिया × अँप्लिट्यूडचा वर्ग, यांची बेरीज ०.०११८३ येते, हिला मोडल इनर्शिया म्हणतात. भागाकाराचं वर्गमूळ काढून २ पायने भागलं की ५०५ परत मिळायला पाहिजे. नाही मिळालं तर टेबलमध्ये कुठेतरी सेल चुकलाय.

पायरी ५: ऑर्डर आणि क्रिटिकल स्पीड

ऑर्डर म्हणजे एका फेरीत किती वेळा झटका. फोर स्ट्रोकमध्ये सायकल दोन फेऱ्यांची, म्हणून अर्ध्या ऑर्डरी पण असतात: ०.५, १, १.५, २ अशा वर वर. क्रिटिकल आरपीएम = फ्रिक्वेन्सी × ६० / ऑर्डर. आपल्याकडे ५०५ × ६० = ३०,३००. म्हणजे ऑर्डर ४ ला ७५७५ आरपीएम, ४.५ ला ६७३३, ५.५ ला ५५०९, ६ ला ५०५०, ८ ला ३७८८.

आता हे सगळे सारखेच घातक नाहीत, आणि इथेच फायरिंग ऑर्डर आत येते. प्रत्येक सिलिंडरचा झटका वेगळ्या वेळी येतो, त्यामुळे त्यांची बेरीज व्हेक्टरने करायची, प्रत्येक व्हेक्टरची लांबी मोड शेपमधली आणि कोन = ऑर्डर × त्या सिलिंडरचा फायरिंग अँगल. १-३-४-२ मध्ये फायरिंग अँगल सिलिंडर १ ला ०, ३ ला १८०, ४ ला ३६०, २ ला ५४०.

ऑर्डर २, ४, ६, ८ ला सगळे व्हेक्टर एकाच दिशेला येतात, बेरीज ०.७५६ + ०.५९१ + ०.३५७ + ०.०८१ = १.७८५. या मेजर ऑर्डरी. ऑर्डर १, ३, ५ ला सिलिंडर १ आणि ४ एका बाजूला, २ आणि ३ विरुद्ध बाजूला, बेरीज फक्त ०.१११, म्हणजे जवळपास विसरा. अर्ध्या ऑर्डरींना चार व्हेक्टर चार दिशांना, बेरीज ०.७१४. हा आकडा बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटतो, कारण चार सिलिंडरला फक्त सम ऑर्डरी महत्त्वाच्या असं डोक्यात बसलेलं असतं. ४.५ आणि ५.५ दुर्लक्ष करण्याइतक्या लहान नाहीत.

सारख्या अंतराने फायर होणाऱ्या इंजिनात मेजर ऑर्डरी म्हणजे सिलिंडरच्या निम्म्या संख्येच्या पटी. तीन सिलिंडरला १.५, ३, ४.५, इनलाइन सहाला ३, ६, ९, व्ही-८ ला ४, ८. इनलाइन सहाचं दुखणं असं की शाफ्ट लांब म्हणून फ्रिक्वेन्सी खाली येते आणि ६ वी किंवा ४.५ वी ऑर्डर थेट रोजच्या आरपीएममध्ये बसते.

पायरी ६: झटक्याचा जोर

यासाठी सिलिंडर प्रेशरचा ग्राफ लागतो, फुल लोडचा, दर एका अंशाला एक आकडा, पूर्ण ७२० अंशांचा. प्रत्येक प्रेशरमधून क्रँककेसचं प्रेशर वजा करा, मग साइन (थीटा + बीटा) भागिले कोसाइन बीटा याने गुणा, इथे थीटा क्रँकचा कोन आणि बीटा रॉडचा तिरका कोन. हा झाला टँजेन्शियल प्रेशर. त्याचा एफएफटी (ग्राफ वेगवेगळ्या ऑर्डरींत फोडायचा हिशेब) घ्या. सावध राहायची जागा एकच: ७२० अंशांच्या डेटाचा पहिला बिन म्हणजे ऑर्डर ०.५, पहिली ऑर्डर नव्हे, १२ वा बिन म्हणजे ऑर्डर ६. आणि अँप्लिट्यूड शून्यापासून शिखरापर्यंतचं घ्या, शिखर ते शिखर नको, नाहीतर पुढचे सगळे ताण दुप्पट दिसतील.

समजा ऑर्डर ६ चा टँजेन्शियल प्रेशर ०.३५ बार आला. पिस्टनचं क्षेत्रफळ ०.००५८१ चौरस मीटर, रेडियस ०.०४३, म्हणजे एका सिलिंडरचा टॉर्क ३५,००० × ०.००५८१ × ०.०४३ = ८.७ न्यूटन-मीटर. व्हेक्टर सम १.७८५ ने गुणलं की १५.६. दिसायला किरकोळ.

ऑर्डर ४ पर्यंत नुसता गॅस धरून चालत नाही, वर-खाली होणाऱ्या वजनाचा इनर्शिया टॉर्क पण धरावा लागतो. वजन × रेडियसचा वर्ग × स्पीडचा वर्ग हा गुणाकार ६५०० आरपीएमला आपल्याकडे ४७१ न्यूटन-मीटर येतो. ऑर्डर २ ला याचा निम्मा म्हणजे २३५ लागू होतो, आणि ऑर्डर ४ ला रेडियस भागिले रॉड लांबी या गुणोत्तराच्या वर्गाचा पाव भाग, म्हणजे साधारण १०.६. गॅसचा ऑर्डर ४ समजा ०.९ बार असेल तर तो २२.५ येतो. म्हणजे इनर्शियाचा वाटा गॅसच्या जवळपास निम्मा. आणि ही बेरीज सरळ करायची नाही, दोघांचा फेज वेगळा असतो, साइन-कोसाइन वेगळे ठेवून मिळवा. ऑर्डर ६ आणि वर इनर्शिया सोडून दिला तरी चालतो.

डिझेलमध्ये प्रेशर झपकन वाढतं म्हणून वरच्या ऑर्डरी पेट्रोलपेक्षा तगड्या निघतात, तिथे ८ आणि पुढच्या ऑर्डरी पण काढा.

पायरी ७: रेझोनन्सला अँप्लिट्यूड आणि ताण

फॉर्म्युला साधा आहे. पुलीचं अँप्लिट्यूड = (एका सिलिंडरचा टॉर्क × व्हेक्टर सम) भागिले (ओमेगाचा वर्ग × मोडल इनर्शिया), गुणिले मॅग्निफिकेशन (रेझोनन्समुळे हालचाल किती पट वाढते ते). आपल्याकडे खालचा आकडा १,१९,१०० येतो. १५.६ ला त्याने भागलं की ०.०००१३१ रेडियन, म्हणजे ०.००७५ अंश.

मॅग्निफिकेशन किती घ्यायचं यावर वाद होतात. डँपर नसताना क्रँकला जे काही डँपिंग मिळतं ते बेअरिंगमधल्या तेलाचं, पिस्टन-लाइनरच्या घर्षणाचं आणि थोडं धातूचं, क्रिटिकल डँपिंगच्या (झोका अजिबात उरत नाही एवढ्या डँपिंगच्या) १ ते २ टक्के धरलं तर मॅग्निफिकेशन २५ ते ५० मधे येतं. ३० घेतलं तर पुलीला ०.२२५ अंश. कार इंजिनात एकेका ऑर्डरचं पुढच्या टोकाचं अँप्लिट्यूड साधारण ०.१ ते ०.२ अंशाच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो, म्हणजे आपला क्रँक डँपरशिवाय चालणार नाही.

ताण बघू. होल्झरच्या टेबलमध्ये फ्लायव्हीलच्या आधी जमा टॉर्क होता १,४८,००० न्यूटन-मीटर, पण तो पुली १ रेडियन हलते असं धरून. ०.२२५ अंश म्हणजे ०.००३९३ रेडियन, गुणलं की ५८२ न्यूटन-मीटर. इंजिनचा स्वतःचा टॉर्क २०० च्या आसपास असताना आत शाफ्टमध्ये अधिक-उणे ५८२ फिरतोय! ४८ मिमीच्या क्रँकपिनमध्ये याचा शिअर ताण = १६ × टॉर्क भागिले (पाय × व्यासाचा घन) = साधारण २७ मेगापास्कल. हा नॉमिनल. फिलेटपाशी आणि ऑइल होलपाशी स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनने तो बराच वाढतो, शिवाय बेंडिंगचा ताण त्याच जागी वेगळा येतो आणि दोन्ही मिळून फटीग बघायचं. हे एका ऑर्डरचं झालं, सगळ्या ऑर्डरी एका आरपीएमला एकत्र मिळवून दर ५० आरपीएमला ग्राफ काढा.

आणि रेडलाइनच्या वर क्रिटिकल आहे म्हणून ऑर्डर ४ सोडून देऊ नका. ६५०० आरपीएम म्हणजे ७५७५ च्या ०.८५८ पट, तिथे मॅग्निफिकेशन १ भागिले (१ वजा ०.८५८ चा वर्ग) = ३.८ येतं, आणि नुसत्या गॅसचे ०.०७ अंश झाले. रेझोनन्सला पोहोचायच्या आधीच चढ सुरू होतो.

पायरी ८: डँपर

कार इंजिनात बहुतेक रबर डँपर असतो, हबवर रबराची पट्टी आणि तिच्यावर लोखंडी रिंग. समजा रिंगचा इनर्शिया ०.००४. मास रेशो = रिंग भागिले मोडल इनर्शिया = ०.००४ / ०.०११८३ = ०.३४. डेन हार्टॉगच्या नियमाने (डँपर ट्यून करायचा नियम) रिंगची स्वतःची फ्रिक्वेन्सी = ५०५ भागिले (१ + ०.३४) = साधारण ३७७ हर्ट्झ. त्यासाठी रबराचा टॉर्शनल स्टिफनेस = ०.००४ × (२ पाय × ३७७) चा वर्ग = २२,४०० न्यूटन-मीटर प्रति रेडियन.

आता गंमत बघा. डँपर लावला की ५०५ चा एक पीक जातो आणि दोन येतात, आपल्या आकड्यांना साधारण ३२८ आणि ५८१ हर्ट्झला. ऑर्डर ६ आता ३२८० आणि ५८१० ला, आणि जी ऑर्डर ४ आधी ७५७५ ला रेडलाइनच्या बाहेर निवांत बसलेली होती ती आता ४९२० ला, म्हणजे थेट कामाच्या रेंजमध्ये आली! म्हणजे डँपरने फ्रिक्वेन्सी हलवणं हा उपाय नाहीच, त्यात डँपिंग असणं हाच उपाय आहे. ऑप्टिमम डँपिंग मिळालं तर पीकचं मॅग्निफिकेशन वर्गमूळ ((२ + मास रेशो) भागिले मास रेशो) म्हणजे २.६ च्या आसपास उतरतं, ३० वरून. पण त्याला डँपिंग रेशो ०.२३ लागतो, आणि डँपरच्या नेहमीच्या रबराला एवढं जमत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोन पीक थोडे उंचच राहतात. अंदाज काढताना २.६ धरू नका, रबराचा लॉस फॅक्टर (दर झोक्याला किती ऊर्जा जिरते त्याचं माप) माहीत असेल तर त्याच्या निम्मा डँपिंग रेशो टाकून सात चकत्यांचं (सहा अधिक रिंग) मॉडेल परत चालवा.

सिलिकॉन ऑइलचा व्हिस्कस डँपर असेल तर रिंगला स्प्रिंग नसते. त्याच मास रेशोला त्याचं उत्तमात उत्तम मॅग्निफिकेशन (२ + मास रेशो) भागिले मास रेशो, म्हणजे ६.९. कागदावर रबरापेक्षा वाईट, पण त्याला ट्यूनिंग बिघडायची भीती नाही. रबर तापलं की मऊ पडतं, जुनं झालं की कडक होतं, आणि दोन्ही वेळा ट्यूनिंग सरकतं. म्हणून रबर डँपरचा हिशेब थंड, गरम आणि म्हातारा अशा तिन्ही स्टिफनेसला करा, एका आकड्यावर विसंबू नका. रबरात जी ऊर्जा जिरते तिची उष्णता होते, ती बाहेर टाकता आली नाही तर रबरच सोलून निघतं.

पायरी ९: मोजून ताळा करा

ईसीयूचा (इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरचा) क्रँक सेन्सर बऱ्याच इंजिनात फ्लायव्हीलच्या बाजूला असतो. आपल्या मोड शेपमध्ये फ्लायव्हीलचं अँप्लिट्यूड पुलीच्या दहावा हिस्सा आहे, म्हणजे तिथून हा मोड जवळपास दिसणारच नाही. पुलीच्या टोकाला एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) किंवा दातांचं चाक लावा, आणि फ्लायव्हीलचा सिग्नल पण सोबत घ्या, कारण पुढच्या सिग्नलमध्ये अख्ख्या क्रँकची एकत्र होणारी गती-मंदगती पण मिसळलेली असते, दोघांची वजाबाकी केली की निव्वळ पिळ उरतो.

६० दातांच्या चाकाने ३० व्या ऑर्डरपर्यंत बघता येतं, आपल्याला १२ पर्यंत पुरे. थर्ड किंवा फोर्थ गिअरमध्ये, नाहीतर डायनोवर, फुल थ्रॉटलने हळूहळू १००० पासून रेडलाइनपर्यंत न्या, भसकन नेलं तर रेझोनन्सला वाढायला वेळच मिळत नाही आणि पीक बुटका दिसतो. सिग्नल स्पीडचा मिळतो, त्यातून अंशात जायला स्पीडचं अँप्लिट्यूड रेडियन प्रति सेकंदात घेऊन ओमेगाने भागा. ५०५० आरपीएमला ऑर्डर ६ चे ०.२२५ अंश म्हणजे स्पीडमध्ये अधिक-उणे ११९ आरपीएम, एवढं सहज दिसतं. दातांच्या मशिनिंगची चूक पण ऑर्डर म्हणूनच दिसते, पण ती अंशात सगळ्या आरपीएमला सारखीच राहते आणि रेझोनन्स फक्त एका ठिकाणी वर येतो, त्यावरून दोन्ही ओळखा.

ऑर्डर ६ आणि ५.५ चे पीक वेगवेगळ्या आरपीएमला पण एकाच हर्ट्झला यायला हवेत. आले तर तीच तुमची खरी फ्रिक्वेन्सी. ती हिशेबापेक्षा ५ टक्के इकडे-तिकडे असेल तर थ्रोचा स्टिफनेस आधी हलवा, कारण कार्टर आणि केर विल्सनच्या मधे तेवढी मोकळी जागा आहेच. त्यानंतर नोजचा स्टिफनेस, पुली की आणि बोल्टने घट्ट बसलेली आहे का ते बघून. ट्रायफिलरने मोजलेले इनर्शिया मात्र जुळवाजुळवीसाठी हलवू नका. अँप्लिट्यूड जुळत नसेल तर फक्त मॅग्निफिकेशन बदला, आणि फरक एखाद्याच ऑर्डरला दिसत असेल, बाकीच्या जुळत असतील, तर डँपिंग सोडा आणि प्रेशर ट्रेसचा टीडीसी नीट लागलाय का ते तपासा, एका अंशाच्या चुकीने हार्मोनिकचे फेज सरकतात आणि ऑर्डर ४ सारख्या ठिकाणी, जिथे गॅस आणि इनर्शिया एकमेकांत मिसळतात, उत्तर लगेच बदलतं.